दातांची जबानी

इतिहासाच्या ग्रंथांत 'दंतकथा' हा शब्द सहसा एकटा येत नाही. 'केवळ', 'निव्वळ' किंवा 'नुसती' यांपैकी एखादे विशेषण त्याच्यापुढे चोपदारी करीत असते, आणि त्याची ललकारी ऐकून वाचकाने काय ते ओळखावे व निमूटपणे पुढल्या परिच्छेदाकडे वळावे, अशी ग्रंथकाराची अपेक्षा असते. 'ही केवळ दंतकथा होय' एवढे म्हटले की कथेचा निकाल लागतो. त्या निकालावर अपील चालत नाही, आणि ज्या शेकडो तोंडांनी ती कित्येक पिढ्या सांभाळली त्यांना साधी नोटीसदेखील बजावली जात नाही. कोल्हापुरात उभा जन्म काढलेल्या माणसाला हा निकाल थोडासा झोंबतो. या गावात जुने दगड मुबलक आहेत, आणि त्यांतला बहुधा एकही असा नाही की ज्याच्याविषयी शेजारच्या पानपट्टीवाल्यास काही सांगावयाचे नसते. तेव्हा कथेशी दाताची सोयरीक जुळविली कोणी आणि ती कोणत्या गुणावर, हा प्रश्न फावल्या वेळी माझ्या मनात घोळत आला आहे.

शरीराच्या इतर अवयवांनी भाषेच्या कारभारातली आपापली खाती रीतसर वाटून घेतलेली दिसतात. पाठ केलेले ते कंठस्थ, म्हणजे गळ्याच्या ताब्यातले. केव्हाही म्हणून दाखविता येते ते मुखोद्गत. अगदी तयार असते ते जिव्हाग्री. आणि ज्याचा धनी सापडत नाही असे जे या कानाचे त्या कानाला जाते ते कर्णोपकर्णी. या वाटणीत दाताच्या वाट्याला कथा यावी हे चमत्कारिक आहे, कारण दातांच्या नावावर मराठीत जे वाक्प्रचार जमा आहेत ते बव्हंशी फौजदारी स्वरूपाचे आहेत. दात पाडतात, दात घशात घालतात, दातओठ खातात, एखाद्यावर वर्षानुवर्षे दात धरतात, आणि अखेर हार खाऊन शरण जावयाचे झाले तर दाती तृण धरतात. दात काढणे आणि दात विचकणे यांत हसणे आहे, पण प्रतिष्ठा नाही. दात कोरून पोट भरत नाही ही म्हण तेवढी दिवाणी बाजूची म्हणावयाची. आणि दातखिळी बसली म्हणजे तर बोलणेच खुंटते. म्हणजे ज्या अवयवाने कथा बंद पडावी त्याच्याच नावाने कथा चालते, असा हा उफराटा मामला आहे.

या कोड्याचा एक धागा वर्णोच्चाराच्या शास्त्रात सापडतो. आपल्या प्राचीन शिक्षाकारांनी प्रत्येक वर्णाला मुखातील एकेक स्थान नेमून दिले आहे, आणि त, थ, द, ध, न, ल, स ही मंडळी त्यांनी दातांच्या आश्रयाला बसविली आहेत. 'दंतकथा' या शब्दाचे वर्ण सुटे करून पाहावेत: द दंत्य, अनुस्वारातून ऐकू येणारा न दंत्य, त दंत्य आणि थही दंत्य, मधला एकटा क तेवढा कंठातून येतो. याचा अर्थ असा की ज्याच्या तोंडात दात उरलेले नाहीत त्याला हा शब्द धडपणे उच्चारता येणार नाही. आणि गंमत अशी की मी आजवर ज्या म्हणून दंतकथा ऐकल्या त्यांतल्या उत्तमोत्तम कथा सांगणारांच्या तोंडात औषधालाही दात नव्हता.

माझ्या आजीचे तोंड मला कळू लागल्यापासून बोळकेच होते. ऐन उमेदीत तिने मिश्री लावून लावून दात काळेभोर केले होते, आणि पुढे ते एकेक करून रजेचा अर्जदेखील न देता निघून गेले. तरी उरल्या हिरड्यांवरून मिश्रीचे बोट फिरविण्याचा शिरस्ता काही तिने मोडला नाही. पहाटे चुलीपुढे बसून तो विधी आटोपला म्हणजे कथेस प्रारंभ होई. दातांच्या अभावी 'स' तिच्या तोंडून पसरट होऊन बाहेर पडे, त्यामुळे अंबाबाईने मारलेला कोल्हासुर हा आमच्या घरात कायम 'कोल्हाशूर' राहिला, आणि असुराला परस्पर मिळालेली ही बढती कोणालाही खटकली नाही. अंबाबाईच्या देवळातले खांब मोजू नयेत, मोजले तर दर खेपेस आकडा निराळा येतो, हेही तिनेच सांगितले. आम्ही पोरांनी 'का गं आजी?' म्हणून विचारावे, तर 'आरं, मोजायला ती काय बाजारातली वांगी हाईत व्हय? द्येवीचं खांब हाईत ते,' असे उत्तर मिळे, आणि उत्तर देताना ती अशी पाहत असे की विचारणाऱ्याच्या जातकुळीविषयीच तिला शंका आली असावी.

तिचा आणखी एक सिद्धान्त होता. ज्याच्या तोंडात पुरे बत्तीस दात असतात त्याचे बोलणे खरे ठरते, म्हणून तसल्या माणसाच्या शिव्याशापांना भ्यावे. मराठीत 'बत्तिशी वठली' असे आपण म्हणतो ते याच समजुतीला धरून. आजीच्या दरबारातली ही वाटणी मला पुढे फार अर्थपूर्ण वाटू लागली, कारण तिच्यावरून असे ठरते की पुऱ्या बत्तिशीचा अंमल भविष्यकाळावर चालतो, आणि भूतकाळाची मामलत मात्र बोळक्याकडे सोपविलेली आहे. आताशा वृद्धांच्या तोंडात डॉक्टरांनी बसविलेली कवळी असते, उच्चार स्वच्छ येतात, आणि कथा मात्र कमी ऐकू येतात. या दोहोंत काही कार्यकारणभाव आहे असे मी म्हणत नाही.

खुद्द 'दंत' या शब्दाच्या जन्माविषयी दोन पंथ आहेत, आणि दोघांत समेट होण्याचे चिन्ह नाही. आपल्या व्याकरणपरंपरेतील उणादिसूत्रांनी तो 'दम्' या धातूपासून साधला आहे. ज्या सूत्राने हस्त, वात, अंत आणि धूर्त हे शब्द सिद्ध होतात त्याच सूत्राने दंतही सिद्ध होतो. दम् म्हणजे आवरणे, वश करणे, शांत करणे. दमन हा शब्द त्यातलाच. युरोपात उदयास आलेल्या तौलनिक भाषाशास्त्राने मात्र लॅटिनमधील 'देन्स', ग्रीकमधील 'ओदोन्त', लिथुएनियनमधील 'दान्तिस', फारसीतील 'दंदान' आणि इंग्रजीतील 'टूथ' अशी दूरदूरची भावंडे एका ओळीत उभी केली, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून असे ठरविले की या सगळ्यांचे मूळ खाणे या अर्थाच्या धातूत, म्हणजे आपल्या संस्कृत 'अद्'च्या घराण्यात आहे. दंत म्हणजे 'खाणारा'. 'अन्न' हा शब्दही याच अद्-पासून निघालेला. तेव्हा या हिशेबाने अन्न आणि दंत हे सख्खे भाऊ ठरतात, आणि एक भाऊ दुसऱ्याला रोज दोन वेळा चावून खातो.

शास्त्र म्हणून दुसरा पक्ष मान्य करावा लागतो, कारण त्याच्याकडे साक्षीदार अधिक आहेत. तथापि कथेच्या प्रकरणी मला पहिला पक्ष सोडवत नाही. गावावर काही अनन्वित गुदरले, पाणी आटले, तट कोसळला, कोणाचा तरी जीव घेतला गेला, म्हणजे ती घटना पहिल्या पिढीला सांगवत नाही. दुसरीला ती सांगताना आवाज खाली करावा लागतो. आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीत ती अशी माणसाळते की लहान मुलांना निजविण्यासाठी तिचा उपयोग करता येतो. दात येथे दोन्ही कामे करतात. ते घटनेतली नावेगावे, सनावळी आणि अवघड तपशील चावून खाऊन टाकतात, आणि जे उरते त्याचे दमन करून त्याला घरात बांधण्याजोगे करतात. अमरकोशात दाताला रद, रदन, दशन अशीही नावे आहेत, आणि पक्ष्याप्रमाणेच दोनदा जन्म घेतो म्हणून त्याला द्विज असेही म्हटले जाते; पण रदनकथा किंवा द्विजकथा असा शब्द कोणी केला नाही, ते बरेच झाले, कारण त्या दुसऱ्या शब्दावरून भलताच वाद माजला असता.

आता एक संशय बोलून टाकतो. मराठीत अफवेला वदंता म्हणतात, आणि संस्कृतात किंवदंती. दोन्ही शब्द 'वद्' म्हणजे बोलणे या धातूपासून आलेले, आणि त्यांच्या पोटात जो 'दंत' ऐकू येतो त्याचा दाताशी काडीमात्र संबंध नाही. तरी माझ्या मनात असे येते की 'वदंतेची कथा' म्हणता म्हणता कोणा बोळक्या तोंडाने आरंभीचा 'व' गिळला असावा, आणि मागे राहिलेल्या दंताला बाकीच्यांनी दात समजून घेतले असावे. याला आधार म्हणून मजजवळ कपर्दिकही नाही. भाषाशास्त्राच्या चावडीवर ही फिर्याद दाखल होण्याजोगी नाही, आणि मी ती दाखल करीतही नाही. दंतकथा या शब्दाविषयी एखादी दंतकथा नसावी हे मनाला बरे वाटेना, एवढेच. शिवाय हा शब्द एकट्या मराठीची मिरास नव्हे. गुजरातीत आणि हिंदीत तो जसाच्या तसा आहे, आणि आमच्या दाराशीच, दूधगंगा-वेदगंगा ओलांडून निपाणी-चिकोडीकडे गेले की कानडीत तो 'दंतकथे' होतो. सीमेचा तंटा कितीही पेटो, या शब्दावर दोन्ही बाजूंनी कोणी हक्क सांगितल्याचे ऐकिवात नाही.

मला खरी मौज वाटते ती एका फारसी शब्दाशेजारी या शब्दाला उभे केल्यावर. पुढे आमच्या राजाराम कॉलेजात अध्यापन करणारे माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी 1925 साली 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला, आणि नंतर तेच गृहस्थ भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते होऊन 1938 साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिते झाले. ज्याने पाहुण्यांची शिरगणती केली त्यानेच त्यांना निघण्याची वेळ झाल्याचे सांगावे, असा तो प्रकार होता. पण ज्या पाहुण्यांना कोणीही घालवू शकले नाही त्यांत 'जबानी' हा एक आहे. फारसीत जबान म्हणजे जीभ. जबानी म्हणजे जिभेने दिलेली साक्ष. ती फौजदार घेतो, कारकून लिहून काढतो, सांगणारा तिच्याखाली सही किंवा अंगठा करतो, आणि तिच्या जोरावर माणूस फासावर जाऊ शकतो. एकाच तोंडातली जीभ अशा रीतीने कोर्टात साक्षीदार म्हणून उभी राहते, आणि तिच्याभोवती अहोरात्र पहारा करणारे बत्तीस इसम मात्र जे काही सांगतील ते निव्वळ, नुसते आणि केवळ.

हा भेद आपल्या जुन्या न्यायपद्धतीला ठाऊक नव्हता. शिवकालात आणि पेशवाईत वतनाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी आणि बलुतेदार गोळा होत. वादी आणि प्रतिवादी आपापला करीना, म्हणजे घराण्याची आद्यापासूनची हकीकत, मांडीत. आणि पांढरीतल्या वृद्धांस शपथ घालून विचारले म्हणजे ते जे सांगत ते बहुतेक याच मासल्याचे असे की आम्ही डोळ्यांनी पाहिलेले नाही, परंतु वडीलवडिलांपासून असे ऐकत आलो आहो. या ऐकत आलेल्या गोष्टीवर निवाडा होई, त्याचा महजर लिहिला जाई, आणि त्याखाली पाटलाचा नांगर व ज्याच्या त्याच्या धंद्याच्या हत्यारांच्या निशाण्या उमटत. आज तो महजर एखाद्या वाड्याच्या माळ्यावर मिळाला तर संशोधक त्याला अस्सल साधन म्हणून मस्तकी धरतात. त्याच वाड्यातली म्हातारी तीच हकीकत तोंडी सांगू लागली तर ते टिपणवही मिटतात. दोन्हींचा उगम एकाच प्रकारच्या तोंडात आहे, फरक पडला तो शाईने आणि शिक्क्याने. आणि हा शिक्का मोठा किमती असतो हे दक्षिण महाराष्ट्राने एकदा फार सोसून शिकले आहे. 1852 सालच्या कायद्याने इनाम कमिशनला पूर्ण अधिकार मिळाले, आणि कमिशनने घराघरांत सनदा मागितल्या. कोणाचे दप्तर वाळवीने खाल्ले होते, कोणाचे दंग्याधोप्यात जळाले होते. पूर्वजांच्या कामगिरीचा पाढा म्हणून दाखविणारे वडीलधारे सदरेवर हजर होते, परंतु कमिशनला दाखला हवा होता, तोंड नको होते. कित्येकांची इनामे गेली. 1857 पूर्वीच्या या भागातल्या असंतोषाचे हे एक मोठे कारण म्हणून इतिहासकार नोंदवितात, आणि ते खरेच आहे.

आमच्या गावाच्या नावाचे घ्या. करवीरमाहात्म्य सांगते त्याप्रमाणे महालक्ष्मीने कोल्हासुराचा वध केला, आणि मरताना त्याने एवढेच मागून घेतले की या क्षेत्राला आपले नाव राहावे. जुन्या शिलालेखांत हे गाव कोल्लापूर म्हणून येते, आणि काही अभ्यासक त्याचा संबंध कानडी मुळाशी, दरी किंवा पाणथळ अशा अर्थाच्या शब्दाशी जोडतात. भोवतालच्या तळ्यांचा विचार केला तर ते पटण्यासारखे आहे. पण नवरात्रात ललितापंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, तेथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडला जातो, आणि त्याचा एखादा तुकडा हाती लागावा म्हणून तरणीताठी माणसे एकमेकांच्या अंगावर पडतात. त्या गर्दीत उभे राहून दरी आणि पाणथळ यांची व्युत्पत्ती सांगावयाला जो जाईल त्याच्या धैर्याची मी तारीफ करीन. ज्याचे हाड कधी सापडले नाही, ज्याचा कागद नाही, तो असुर दर आश्विनात नेमाने मरतो. अंबाबाईची मूर्ती 1715 साली विजयादशमीला देवळात पुन्हा स्थापन झाली ही गोष्ट तारखेनिशी सांगितली जाते, ते कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या कारकिर्दीत. आणि ती का झाली असे विचारले तर एका ब्राह्मणाला पडलेले स्वप्न सांगतात. तारीख दप्तराची, कारण स्वप्नाचे.

याच्या अगदी उलट उदाहरणही याच गावात आहे, आणि ते मला अधिक अस्वस्थ करते. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीचे टेकाड आहे. तेथे गेल्या शतकाच्या चाळिशीच्या दशकात उत्खनन झाले, आणि 1945-46 साली डेक्कन कॉलेजतर्फे सांकलिया व दीक्षित यांनी तेथे काम केले. सातवाहनकाळातली घरे, भांडी, मणी असे पुष्कळ काही हाती लागले, परंतु साऱ्या जगाचे लक्ष वेधले ते एका वीतभर काशाच्या मूर्तीने. ती निघाली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवतेची, रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराच्या ओघात सह्याद्री चढून आलेली. आज ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. समुद्राचा देव, नदीच्या काठी, घाटमाथ्यावरच्या गावात, सुमारे दोन सहस्र वर्षे पुरलेला. आणि त्याच्याविषयी ब्रह्मपुरीत एक अवाक्षर कोणाला ठाऊक नव्हते. हा परदेशी पुतळा कोणी आणला, कोणी पुजला की नुसता शोभेला ठेवला, आणलेल्याच्या बायकोने त्याला नाक मुरडले की हळदकुंकू वाहिले, यातले काहीच दातांच्या तडाख्यात सापडले नाही. कोल्हासुराला कथा आहे आणि देह नाही. पोसायडनला देह आहे आणि कथा नाही. गावाने दोघांपैकी कोणाला पोसले हे उघडच आहे.

शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी खिद्रापूरला कोपेश्वराचे देऊळ आहे. शिलाहारांच्या काळातले ते शिल्प पाहावयाला दूरदूरची माणसे येतात. जोत्यावर रांगेने हत्ती आहेत, त्यांतल्या कित्येकांच्या सोंडा आणि दात फोडलेले, आणि स्वर्गमंडपाच्या मध्यावर छत उघडे ठेवून आकाशाचा एक वाटोळा तुकडा आत घेतलेला. तेथे यादव राजा सिंघण याचा शके 1136 चा लेख आहे, आणि देवाच्या पूजेअर्चेसाठी गाव दान दिल्याचे तो सांगतो. पण देवळात शिरणाऱ्या कोणाही माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा की येथे नंदी का नाही? शिलालेख याविषयी मौन धरून आहे. उत्तर देतो तो गावातला एखादा म्हातारा: दक्षाच्या यज्ञाला निघालेली सती नंदीवर बसून गेली, तिकडे तिने देह ठेवला, इकडे महादेव कोपला, विष्णूने त्याला शांत केले, म्हणून देव कोपेश्वर, त्याच्याशेजारी समजूत घालणारा धोपेश्वर, आणि नंदी अद्यापि पलीकडे यडूरला. दगड विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, आपल्याला सांगावयाचे तेवढेच सांगतो. या बाबतीत तो सरकारी अहवालाचा पूर्वज शोभतो.

सर्वच दंतकथांविषयी मला असा जिव्हाळा वाटतो असे मात्र नाही. 'कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली' ही म्हण आपण 'कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी' हिच्या जोडीने सर्रास वापरतो, आणि उत्तरेकडचे लोक तिच्यातला भोज तो धारचा, अकराव्या शतकातला परमार राजा, असे समजतात. तिकडल्या विद्वानांनी गंगू तेल्यालाही राजवंशात बसविले आहे: गंगू म्हणजे कलचुरी गांगेयदेव, आणि तेली म्हणजे चालुक्य तैलप, दोघेही परमारांचे वैरी. युक्ती सुबक आहे, फक्त तैलप हा भोज गादीवर येण्याआधीच वारला होता, ही तिला थोडी अडचण. आमच्या पन्हाळ्यावर निराळेच सांगतात. हा भोज म्हणजे शिलाहार भोज दुसरा, बाराव्या शतकाच्या अखेरीस पन्हाळ्यावर नांदलेला. त्याने तट बांधावयास घेतला, आणि रात्री रचलेला तट सकाळी ढासळावा असे होऊ लागले. मग कोणी सांगितले की बळी हवा. आणि गंगू नावाच्या तेलिणीचा, कोणी म्हणतात तिच्या तान्ह्या मुलासकट, बळी दिला तेव्हा तट उभा राहिला. यातले खरे किती ते मी सांगू शकत नाही. पण कथा ऐकून झाल्यावर तीच म्हण पुन्हा उच्चारून पाहावी. जिला तटाच्या पायात चिणले तिचे नाव शेकडो वर्षे जिवंत राहिले ते कशासाठी, तर हलक्या माणसाने थोराशी बरोबरी करू नये हे हिणवून सांगण्यासाठी! दमनाचे काम दातांनी येथे इतके बेमालूम केले आहे की हसणाऱ्याला रक्ताची चव लागत नाही. मी ती म्हण वापरणे सोडले आहे. दुसरी, तट्टाणीची, तेवढी ठेवली, कारण शामभटाला कोणी पुरल्याचे ऐकले नाही.

दाताने लिहिल्याचीही एक कथा आहे. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे असा करार झाला, मध्येच लेखणी मोडली, आणि सांगणाऱ्याचा ओघ तुटू नये म्हणून गजाननाने आपला एक दात उपटून त्याचा बोरू केला. तेव्हापासून तो एकदंत. मौखिक आणि लिखित या दोन राज्यांचा तह याहून सुंदर रीतीने कोणी लिहिला नसेल. आता पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1259 हस्तलिखिते ताडून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि 1966 साली पुरी केली, तिने व्यास-गणेशांच्या लेखनाचा प्रसंगच मूळ संहितेत घेतलेला नाही. तो मागाहून शिरला असे ठरवून परिशिष्टात घातला. आणि ज्या पोथ्यांत तो आहे त्यांतही करार आहे, दाताचा बोरू नाही. तो आणखी पुढच्यांनी आणला. दात मोडल्याची इतर कारणेही पुराणांत आहेतच, कोठे परशुरामाची कुऱ्हाड आहे, कोठे हसणाऱ्या चंद्रावर फेकलेला दात. भांडारकरांच्या निर्णयाशी माझे भांडण नाही. तो निर्णय वाचूनही माझ्या देवघरातल्या गणपतीच्या मोडक्या दाताकडे पाहिले की मला शाई आठवते, परशू आठवत नाही.

एक प्रकरण राहिले, आणि त्यात दात आणि कथा हे दोन्ही शब्द अक्षरशः आहेत. बुद्धाच्या निर्वाणानंतर त्याचा एक दात कलिंगातील दंतपुरात पुजला जात होता आणि तेथून तो सिंहलद्वीपी नेण्यात आला, अशी परंपरा आहे. 'दाठावंस' नावाचा पाली ग्रंथ या दाताचाच इतिहास सांगतो. 1560 साली गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसराय दों कोंस्तांतीनु द ब्रागांसा याने जाफन्यावर स्वारी केली, आणि लुटीत त्याच्या हाती हा दात आला, निदान हाच तो असे त्याला सांगण्यात आले. ब्रह्मदेशातील पेगूच्या राजाने तो मिळावा म्हणून प्रचंड द्रव्य देऊ केले. व्हाइसरायचे सरदार पैसे घ्यावेत या मताचे होते, कारण खजिन्यात खडखडाट होता. धर्मगुरूंना ते पसंत पडले नाही. अखेर आर्चबिशपाने सर्वांसमक्ष तो दात खलात घालून स्वहस्ते कुटला, चूर्ण निखाऱ्यांवर जाळले, आणि राख नदीत टाकली. ही हकीकत लिहून ठेवणारा दियोगु दु कूतु हा पुढे गोव्याच्या सरकारी दप्तराचा मुख्य रक्षक झाला, त्यामुळे कागदाच्या बाजूने प्रकरण येथे संपले असे म्हणावयास हरकत नव्हती.

पण पुढचेही त्याच दप्तरदाराने लिहिले आहे. काही वर्षे लोटल्यावर सिंहलद्वीपातील कोट्टेच्या राजाकडून पेगूच्या राजाला खबर मिळाली की गोव्यात कुटला तो दात खोटा, खरा आम्हांपाशी सुखरूप आहे. आणि 1576 साली तो दात मोठ्या थाटाने पेगूस पोहोचला, राजा बयिन्नौंग स्वतः त्याला सामोरा गेला आणि रत्ने जडविलेल्या करंड्यात त्याची स्थापना झाली. त्यानंतर कॅंडीच्या राजाचा निरोप आला की महाराज, आपण फसलात, तो दात कोट्टेवाल्यांनी हरणाच्या शिंगाचा घडविला आहे; अस्सल दात आमच्या घरी आहे, आणि हवा असल्यास पाठवू. कूतु म्हणतो की बयिन्नौंगाने तो निरोप ऐकून घेतला, निरोप्याला मानाने वाटेला लावले, आणि करंड्यातला दात जसा होता तसाच ठेवला.